कोनाड्यातली ठेव

मी एक जुनी भट्टी आहे. पाव भाजायची, विटांची, लाकडावर पेटणारी. बटण दाबलं की तापणाऱ्या त्या चकचकीत पेट्यांशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. माझा राग म्हणजे काय, हे माझ्या तोंडाशी वाकून भुवया जाळून घेतलेल्या माणसांना विचारा. मित्रांनो, माझ्याकडे आता वेळ थोडा आहे. म्हणून पाल्हाळ न लावता सांगायचं ठरवलं आहे, पण म्हातारीच्या तोंडाचा काय भरवसा!

मला बांधून घेतलं त्या माणसाला सगळे थोरले म्हणत. दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळून मळून त्यांनी ही जागा घेतली होती. माझा पाया त्यांनी कंबरेइतका खोल खणायला लावला, तेव्हा गवंडी वैतागला. "अहो, पाव भाजायचेत की तोफ ठेवायचीय?" थोरले म्हणाले, "तू खण बाबा. वर काय चढवायचं ते मी बघतो." मग ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर विटांचा घुमट रचला, आणि गिलावा सुकल्यावर ती सगळी वाळू माझ्या तोंडातून उपसून काढली. तळाखाली जाडं मीठ आणि फुटक्या बाटल्यांची काच घातली. त्यामुळे मी एकदा तापले की लवकर निवत नाही. उजव्या कुशीला लोखंडी दाराचा एक कोनाडाही ठेवला. तिथे ओल शिरत नाही. साखर ठेवायला म्हणून तो केला होता, पण त्याच्या नशिबी निराळंच होतं.

थोरले ख्रिस्ती होते, आणि त्याचा गाजावाजा करत नसत. पहाटे लाकडं पेटली की पिठाने माखलेले हात तसेच जोडून माझ्यासमोर उभे राहत. म्हणत, "प्रभू, आजची भाकर दे. दुसऱ्याच्या ताटातली ओढून घ्यायची बुद्धी देऊ नकोस." झाली प्रार्थना. मग बाह्या सारून कामाला लागत. रविवारी मला विश्रांती असे. गिऱ्हाईक दार वाजवून कंटाळे, पण रविवारी या बेकरीचा पाव कुणाला मिळाला नाही.

शनिवारी संध्याकाळी आठवड्याची कमाई मळणीच्या टेबलावर येई आणि तिची वाटणी होई. आधी देवाचा वाटा. त्यातला काही चर्चच्या मंडळीच्या दानपेटीत जाई, काही मागच्या दाराशी हात पसरून उभ्या राहणाऱ्यांना. मग कामगारांचा पगार. मग मैदा, लाकडं, साखर. उरेल ते घरी. त्यांची बायको म्हणायची, "म्हणजे आमचा नंबर रांगेत शेवटचा, आणि रांग लावणार तुम्हीच!" थोरले हसायचे आणि रांग तशीच ठेवायचे. कुणी म्हटलं, तुमची बेकरी झकास चालली आहे, तर म्हणत, "माझी कुठली? त्यानं सांभाळायला दिलीय." लोकांना तो विनय वाटे. थोरले ते अगदी सरळ अर्थानं बोलत असत.

आता कोनाड्याचं सांगते. कामगारांच्या घरी पैसा टिकत नसे. कुणाचा दारूत जाई, कुणाचा पाहुण्यांत, कुणाचा नुसत्या भिडेत. म्हणून ते पगारातला थोडा थोडा थोरल्यांकडे ठेवायला देऊ लागले. कोनाड्यात एक पत्र्याचा डबा आला, आणि डब्यात प्रत्येकाची कापडी पुरचुंडी. ज्याची त्यानं आपल्या हातानं दोरी बांधायची. पीठ मळणाऱ्या पहिलवानाची गाठ तर अशी बसे, की तो स्वतःसुद्धा ती सोडताना शिव्या घाली. पहिलवान हे नाव कुणीतरी थट्टेनं ठेवलेलं. माणूस अंगानं काडी, पण मनगटं अशी, की पोतंभर पीठ एकट्यानं मळून वर शीळ घालायचा. थोरले डबा आत सरकवून लोखंडी दार लावत आणि दर वेळी म्हणत, "हे माझं नाही. मी राखणदार."

ते दिवस माझे कौतुकाचे होते. इस्पितळाचा पाव माझा, शाळेचा पाव माझा. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या विधीला जी भाकर मोडत, तीसुद्धा माझ्याच पोटातून निघे. त्या दिवशी मी जरा ताठच असायची. एकदा तर सगळी भाकर एका बाजूनं करपवली, कारण पहिलवानानं मला 'म्हातारी' म्हटलं होतं. थोरल्यांनी माझी बाजू घेतली आणि नवीन भाकर भाजली.

मग एका हिवाळ्यात छातीत कफ भरून थोरले गेले, आणि बेकरी त्यांच्या मुलाकडे आली. त्याला सगळे धाकटे म्हणत आणि समोर दादा. तुम्हाला वाटेल, आता मी त्याला शिव्या देणार. नाही हो. वाईट मुलगा नव्हता तो. बापापेक्षा लांब प्रार्थना करायचा, आणि ती करताना त्याचे डोळे खरंच भरून यायचे. पण शनिवारची वाटणी त्याला गावंढळ वाटू लागली. टेबलावर पैसे पसरायचे दिवस गेले, म्हणाला. सगळं एकत्र जाऊ लागलं आणि एकत्र येऊ लागलं. बाजारात काचेच्या दारांचं दुसरं दुकान निघालं, मोटार आली. मागच्या दाराशी येणारे लोक एकदोनदा ताटकळले आणि यायचे बंद झाले.

मी देवळात जाऊ शकत नाही, पण देवळातली प्रत्येक गोष्ट सोमवारी सकाळी माझ्यासमोर येते. तशी तीही आली. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. ते म्हणाले, देवाला जितकं मोठं द्याल, त्याच्या कितीतरी पट तो परत देईल. खिशाकडे बघू नका, विश्वासानं बोला. तेव्हा धाकटे भर उपासनेत उठून उभे राहिले आणि म्हणाले, मंडळीसाठी नवा हॉल मी एकटा बांधून देतो. केवढ्या टाळ्या पडल्या म्हणे! चर्चचे म्हातारे पाळकसाहेबसुद्धा गहिवरले.

धाकट्यांच्या बायकोला कामगार वहिनी म्हणत. त्या दिवशी ती पदर खोचून थेट माझ्यापुढे आली, कारण नवरा तिथेच लाकडं मोजायच्या निमित्तानं लपला होता.

"मला विचारलं नाहीत तुम्ही."

"विश्वासाच्या गोष्टी विचारून करतात का?"

"पैसे कुठून येणार?"

"देव देईल. त्याच्यासाठीच तर बांधतोय."

"त्यानं मागितला होता का हॉल?"

धाकटे पुन्हा लाकडं मोजू लागले. वहिनी जाताना म्हणाली, "बाबांनी देवाला कधी कामाला लावलं नाही. स्वतः कामाला लागायचे ते." मी विटांची आहे मित्रांनो, विटा कशा येतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या गाडीतून येतात, आणि गाडीवाला रोख मागतो.

हॉलच्या भिंती चढू लागल्या आणि इकडे आमचं सगळं उतरू लागलं. कारखान्याचा कागदात गुंडाळलेला पाव बाजारात आला होता. काचेचं दुकान बंद पडलं. धाकट्यांनी मैदा हलका आणला, लाकडं ओली आणली. मी धुरानं घुसमटायची आणि पाव फिक्कट काढायची, आणि लोक म्हणायचे, भट्टी म्हातारी झाली. मोटार विकली असती तर थोडं भागलं असतं. पण मोटार विकली की लोक विचारणार, आणि लोकांनी विचारलं की हॉलचं काय, हा प्रश्न येणार. म्हणून मोटार दारात उभी राहिली.

आणि मग ती दुपार आली. कामगार घरी गेले होते. धाकट्यांनी कोनाडा उघडला, डबा खाली ठेवला आणि त्याच्यापुढे गुडघे टेकले. "प्रभू, हे मी तुझ्यासाठीच घेतोय," ते म्हणाले. "ते लोक मागायच्या आत तू भरून देशील. मला ठाऊक आहे, तू देशील." एक एक पुरचुंडी सोडली. पहिलवानाची गाठ काही सुटेना. नखांनी ओढली, दातांनी ओढली. शेवटी पाव कापायची सुरी घेऊन दोरी कापली. मला तोंड आहे, आग आहे, पण हाक मारता येत नाही. मी एक जळतं लाकूड तडकवलं, ठिणग्या बाहेर फेकल्या. धाकट्यांनी वर न बघता माझं दार ओढून घेतलं. एवढी हतबल मी कधीच झाले नव्हते.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. पहिलवान एका सकाळी हात धुऊन, टोपी काढून धाकट्यांपुढे उभा राहिला.

"दादा, माझी पुरचुंडी काढायची होती."

"का हो काका?"

"बायकोच्या हृदयाची झडप बिघडलीय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. माझ्या पुरचुंडीत भागतंय तेवढं, मी अंदाज काढलाय."

धाकट्यांचा चेहरा माझ्या राखेसारखा झाला. "सोमवारी देतो. सगळ्यांचे बँकेत ठेवलेत मी, सुरक्षित म्हणून."

"बरं केलंत," पहिलवान म्हणाला आणि पीठ मळायला गेला.

तो सोमवार गेला. पुढचाही गेला. बँक बंद होती, साहेब रजेवर होते, सही जुळत नव्हती. धाकटे गावभर वणवण फिरले. नातेवाइकांनी पाठ फिरवली. मोटार विकली, तर हॉलचा ठेकेदार दारातच बसला होता, तो पैसे घेऊन गेला. मग धाकट्यांनी अन्न सोडलं. नुसतं पाणी पिऊन राहत आणि माझ्या कुशीला कपाळ टेकून देवाला विनवत. "तू म्हणाला होतास. तू देणार होतास. माझ्यासाठी नको देऊस, त्या बाईसाठी दे." मला त्यांचं कपाळ लागायचं, माझ्यापेक्षा गरम. खरं सांगते, मी त्यांच्यावर संतापले होते आणि माझा जीव तुटतही होता. दोन्ही एकदम होतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

पहिलवानाच्या नजरेतून हा उपास सुटला नाही. एकदा पिठाचे हात तसेच घेऊन तो जवळ आला. "दादा, तुम्ही तिच्यासाठी उपास धरलाय?"

धाकट्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली.

पहिलवान तिथेच रडला. माझा बाप असता तर त्यानंही एवढं केलं नसतं, म्हणाला. त्यानं ते मंडळीत सांगितलं, मंडळीनं एकमेकांना सांगितलं, आणि धाकट्यांचं नाव आणखी मोठं झालं. हॉलवर त्यांच्या नावाची पाटी बसवायचं ठरलं. पैसे कुठे आहेत, हे अजून कुणीच विचारलं नव्हतं. बँकेवर भोळ्या पहिलवानाचा इतका विश्वास होता, की तिथे उशीर होतोच, असं तो स्वतःलाच समजावत होता.

आणि मग एका सकाळी पहिलवान एक झाकणाचं भांडं घेऊन आला. आत गरम दूध होतं. "तिनं पाठवलंय," तो म्हणाला. "तिला आता दोन पावलं टाकली तरी धाप लागते, पण स्वतः उठून तापवलं. म्हणाली, दादांना सांगा, माझ्यापायी जिवाचे हाल करून घेऊ नका. उपास सोडा."

धाकट्यांनी भांडं हातात घेतलं. झाकण उघडून आत पाहिलं आणि भांडं तसंच टेबलावर ठेवून दिलं. वहिनी तिथेच ट्रे पुसत होती. बाकीचे कामगारही होते.

"काका, पैसे नाहीत."

"सोमवारी देणार होतात ना?"

"सोमवारीही नाहीत. बँकेत कधीच नव्हते. मी घेतले. तुमचे, सगळ्यांचे. हॉलला घातले."

 माझ्या पोटात पाव करपत होते, धूर तोंडातून बाहेर येत होता, आणि ते बाहेर काढायला कुणी आलं नाही.

पहिलवानानं कोनाड्याच्या लोखंडी दाराकडे पाहिलं. मग त्यानं एवढंच विचारलं, "गाठ कशी सोडवलीत?"

"कापली."

त्यानं मान हलवली, कमरेचा पंचा सोडून खुंटीला अडकवला, आणि निघून गेला.

मग एकच गिल्ला झाला. कुणी माझं लांब दांड्याचं फावडं उचललं. वहिनी मधे पडली. "मारा खुशाल, माझी ना नाही," ती म्हणाली. "पण मारून पैसे निघणार नाहीत. बेकरी विकून निघतील." ती नवऱ्याकडे वळली. "बोला. का अजून वाट बघायचीय?" धाकटे माझ्याकडे बघत म्हणाले, "ही बाबांची भट्टी आहे गं." वहिनी म्हणाली, "बाबांनी एकदा तरी माझी म्हटलं होतं का हिला?" आणि धाकटे खाली बसून लहान मुलासारखे रडू लागले.

दुपारी पाळकसाहेब आले. मला वाटलं, आता प्रवचन होणार. ते पिठाच्या पोत्यावर बसले आणि बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "टाळ्या आम्ही वाजवल्या," ते म्हणाले. "एवढं कुठून आणतोस, असं एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा. आम्हाला हॉल हवा होता." हॉलच्या छपराचे पत्रे अजून चढायचे होते. ते त्यांनी दुकानदाराला परत केले आणि आलेली रक्कम वहिनीच्या हातात दिली. ती पुरेशी नव्हती. नावाची पाटी कुणी परत घेईना.

जागेला गिऱ्हाईक मिळालं. त्याला मोकळी जमीन हवी होती. "हा विटांचा ढिगारा पाडून द्या," असं तो मला उद्देशून म्हणाला. मित्रांनो, मी मघाशी रागाची गोष्ट केली ना? त्या माणसावर मी रागावले नाही. मला पाडून कामगारांचा तो डबा पुन्हा भरत असेल, तर माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला सौदा आहे. फक्त तो लवकर व्हावा म्हणून मी तळमळत होते. कागदाला वेळ लागला, सह्यांना वेळ लागला, आणि तिकडे ती बाई उशीला टेकून बसूनच श्वास घेत होती.

पैसे आले त्याच दिवशी धाकटे स्वतः पायी प्रत्येकाच्या घरी गेले. कुणी दारातून हाकललं, कुणी समोर मोजून घेतले. पहिलवान घरी नव्हता. त्याचे पैसे धाकट्यांनी सरळ इस्पितळात नेऊन त्याच्या हातात दिले. ऑपरेशन काल झालं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. आता वाट बघायची.

काल वहिनीनं उरलेला मैदा मळला आणि मला शेवटचं पेटवलं. पाव तिनं इस्पितळाच्या दारात वाटून टाकले. आज बेकरी रिकामी आहे. टेबल गेलं, ट्रे गेले. उद्या सकाळी माणसं येतील, आधी धुराडं पाडतील आणि मग घुमट.

आत्ता दुपारी पहिलवान आला. बायकोजवळ बसू देत नाहीत, आणि घरी जावंसं वाटत नाही. तो माझ्या कुशीला पाठ टेकून खाली बसला. थोड्या वेळानं धाकटे आले. त्याला बघून दाराशीच थबकले, आणि मग समोरच्या भिंतीशी बसले.

"माफी मागू नका, दादा," पहिलवान म्हणाला. "मला नाही जमणार अजून."

"नाही मागत."

 मग पहिलवान म्हणाला, "प्रार्थना तेवढी करा. खरी करा या वेळी."

धाकट्यांनी डोळे मिटले. ते काय म्हणत आहेत, ते मला ऐकू येत नाही. ओठ फारसे हलत नाहीत. देवाला काही देऊ करत नाहीत, एवढं त्यांच्या रिकाम्या हातांवरून कळतं.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. कुणी विश्वासानं तुमच्या हाती काही ठेवलं, मग तो पैसा असो, दुकान असो की आजारी माणूस, तर ते जिवापाड जपा. देवाला द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, हात आखडू नका. पण आपलं द्या. गरिबाची दोरी कापून आणलेलं त्याच्यापुढे ठेवू नका. तो ते घेणार नाही, आणि त्या गरिबाला मात्र ते पुन्हा वेळेवर मिळणार नाही.

पहिलवानाचा डोळा लागला आहे. त्याची पाठ थंडगार आहे, किती दिवस झोपला नसेल कुणास ठाऊक. इस्पितळातून अजून निरोप नाही. मला प्रार्थना करता येत नाही. मला फक्त गरम राहता येतं. उद्या सकाळपर्यंत मी गरम राहणार आहे.